पापडवाल्यांचं घर

नाव: श्रीमती गुणाबाई भ्र. शेषेराव बिराजदार. वय: साठीच्या पुढे (अंदाजे). धंदा: घरकाम. मूळ राहणार: मौजे तळेवाडी (जुनी), तालुका औसा. कायमचा पत्ता: मौजे तळेवाडी (नवी). हल्ली मुक्काम: लातूर, मुलाकडे. नुकसानीचा प्रकार: पूर्ण पडझड. कुटुंबातील मयत: पती. ढिगाऱ्याखाली शिल्लक व्यक्ती: निरंक. दिलेला लाभ: पक्के घर, स्लॅबसह. पुनर्वसन: पूर्ण. शेरा: लाभार्थीची कोणतीही तक्रार नाही.

हे सगळं एकाच कागदावर असं सलग कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण सरकारला गुणाबाईबद्दल जे जे ठाऊक आहे ते गोळा केलं तर एवढंच भरेल, आणि त्यात खोटं म्हणून बोट ठेवावं असं एकही वाक्य सापडणार नाही. तक्रार तर खरोखरच नव्हती. स्लॅबच्या घरात ती राहिलीच नाही, मग तक्रार कसली करणार?

गुणाबाई घरात बसत नाही. घराबाहेरही बसत नाही. ती उंबऱ्यात बसते, एक पाय आत आणि एक पाय बाहेर, पाठ चौकटीला टेकवून. बोलता बोलता, शेंगा फोडता फोडता ती मधूनच वर बघते. इतर माणसं घड्याळाकडे बघतात तसं. वर काही नाही अशी खात्री झाली की पुढची शेंग.

भूकंपाच्या त्या पहाटे तळेवाडीची घरं खाली आली तेव्हा तिचा मुलगा व्यंकटी लातुरात एका पुस्तकाच्या दुकानात कामाला होता आणि सून माहेरी होती. घरात गुणाबाई आणि शेषेराव दोघंच. दगडमातीची जाड भिंत, वर धाब्याची माती. गुणाबाई दाराकडच्या अंगाला झोपली होती, शेषेराव आतल्या अंगाला. यापेक्षा जास्त ती सांगत नाही. त्यानंतरचे दोन-तीन पावसाळे तिनं पत्र्याच्या शेडमध्ये काढले. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये माणसं भाजून निघत आणि साहेबांची जीप आली की पक्कं घर कधी म्हणून तिच्याभोवती गोळा होत. गुणाबाई तेवढी उठत नसे. पत्रा पडला तर टेंगूळ येतं, एवढा तिचा साधा हिशेब होता. व्यंकटीची मुलगी तनुजा त्या शेडमध्येच जन्मली आणि आजीच्या मांडीवर वाढली; पत्र्याखाली दोघी बिनघोर झोपल्या.

मग नव्या गावात घर मिळालं. गुणाबाई आत गेली, देवापुढे हात जोडले, वर बघितलं आणि बाहेर आली. त्या घरात सध्या कडबा आणि फवारणीचा पंप राहतो. दोघांचीही तक्रार नाही.

व्यंकटीनं लातुरात बिऱ्हाड केलं, आईला आणलं, आणि पुढे क्लासवाल्यांच्या भागात जागा घेऊन तीन मजले उभे केले. त्या काळात त्या भागात सगळेच तीन मजले उभे करत होते. ज्या शहरात कधीकाळी लोक भीतीनं आठवडेच्या आठवडे मैदानात झोपले, त्याच शहरात आता एका खोलीत चार कॉट कशा बसवाव्यात यावर संशोधन चाललं होतं. शिरूर अनंतपाळ, चाकूर, मुखेड, देगलूर कुठकुठून मुली यायच्या. बारावी करायच्या, डॉक्टर व्हायच्या किंवा व्हायच्या राहायच्या. व्यंकटीनं खाली स्वतःचं घर ठेवलं, वरचे दोन मजले मुलींना दिले आणि दारावर पाटी लावली: मुलींचे वसतिगृह, शांत व सुरक्षित.

पाटीच्या बरोब्बर खाली, उंबऱ्यात, गुणाबाई.

अडचण पहिल्याच जूनमध्ये कळली. चाकूरकडचा एक शेतकरी मुलीला घेऊन खोली बघायला आला. दारात म्हातारी बसलेली, आणि ती वर बघतेय. त्यानंही वर बघितलं. काही दिसेना.

"काय हाय वर?" त्यानं विचारलं.

"कायच न्हाई," गुणाबाई म्हणाली. "आजून तरी."

त्यानं मुलीला समोरच्या वसतिगृहात ठेवलं. पुढच्या काही दिवसांत आणखी दोघा-तिघांनी तसंच केलं. जाताना एकानं व्यंकटीला बाजूला घेऊन विचारलं की बिल्डिंगला काही झालंय का, आणि झालं असेल तर मोकळेपणानं सांगा. व्यंकटीनं सळई किती जाड घातली ते सांगितलं. सळईबद्दल कुणी बोलायला लागलं की ऐकणाऱ्याचा संशय वाढतो, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं.

आईला आत बसवायचं तर आत काहीतरी हवं, म्हणून व्यंकटीनं तिच्या खोलीत टीव्ही आणला. आता तिला बघवेल असं काही शोधणं एवढंच उरलं होतं. हे सोपं वाटलं होतं.

सुरुवात देवाधर्मापासून झाली. पहिल्याच संध्याकाळी कुणा ऋषीच्या शापानं धरणी दुभंगली आणि एक आख्खा राजवाडा आत गेला. गुणाबाई अंगणात. मग विनोदी कार्यक्रम लावले. त्यात माणसं खुर्चीवरून पडत आणि मागून पुष्कळ लोक हसत. पडण्यापेक्षा त्या हसण्याचं तिला जास्त भ्या वाटलं. बातम्या तर व्यंकटीनं स्वतःच लावल्या नाहीत. शेवटी घरगुती मालिका. त्यात मारामारी नव्हती, पण सासू सुनेला काही लागेल असं बोलली की चित्र तीनदा गदागदा हलायचं आणि वर ढग गडगडायचे. ती तिन्ही वेळा उठायची.

व्यंकटीनं समजावलं की आई, ते घर हलत नाही, कॅमेरा हलवतात.

"अन् घर हलतंय तवा कसं दिसतंय रे?" गुणाबाईनं विचारलं.

व्यंकटी त्या पहाटे लातुरात होता.

मारामारी नको असं सगळे तिच्या वतीनं सांगत, पण खरं म्हणजे मारामारीचं तिला एवढं नव्हतं. एका मालिकेत थोरल्या जावेनं धाकटीच्या दुधात विष कालवलं, तर गुणाबाई शांतपणे बघत राहिली. दूध म्हशीचं होतं का गाईचं, एवढंच तिनं सुनेला विचारलं. काही पडता कामा नये, आपटता कामा नये, आणि अचानक मोठा आवाज होता कामा नये. या तीन अटींत बसेल असं त्या डब्यात काही निघेना. व्यंकटीनं हा पेच केबलवाल्या खाजामियाँपुढे ठेवला. खाजामियाँ म्हणजे त्या भागाच्या सगळ्या वायरींचा मालक. गंजगोलाईच्या बाजारामागे राहायचा, आणि कुठल्या चॅनलवर कधी काय असतं हे त्याला दिव्याच्या खांबावर चढलेला असतानाही सांगता यायचं. त्यानं बराच विचार केला. क्रिकेट म्हणावं तर दांड्या उडतात, असं तो स्वतःशीच म्हणाला. मग म्हणाला, एक पापडवाली आहे. कुणीच बघत नाही ती. ती लावून बघा.

मालिकेचं खरं नाव लांबलचक होतं आणि त्यात 'नातं' हा शब्द होता, पण बघणारे तिला पापडवालीच म्हणत. एक घर होतं. म्हातारे आजोबा, दोन मुलं, दोन सुना, आणि अंगणभर पापड. उडीद या दुकानातून आणावेत का त्या दुकानातून, यावर दोन आठवडे निघायचे. धाकटी सून एकदा रुसली तर पाच भाग रुसलेली होती, आणि मग आजोबांनी तिच्या वाटणीची लाटी तोंडात टाकली तेव्हा हसली. बनवणाऱ्यांकडे पैसा कमी असावा, कारण सगळं अंगणातच घडायचं. डोक्यावर आभाळ. गुणाबाईनं पहिला भाग उंबऱ्यातून बघितला. आठवडाभरानं सुनेनं नवऱ्याला खूण करून दाखवलं, की बघा. गुणाबाईचे दोन्ही पाय आत होते.

हे सुख वर्ष-दीड वर्ष टिकलं. मग तनुजा बारावीला गेली.

लातुरात जून महिन्यात जसा पाऊस यावा अशी अपेक्षा असते, तशी ज्या घरात बारावी आहे त्या घरची केबल निघावी अशीही असते. पाऊस चुकतो. केबल चुकत नाही. पाहुणे आले की आधी पोरगी कुठल्या क्लासला आहे ते विचारतात आणि लगेच केबल काढली का ते विचारतात, आणि अजून काढली नाही म्हटलं तर पुढचा चहा गप्प राहून पितात. खाजामियाँ त्या दिवसांत पक्कड घेऊन दारोदार फिरायचा. वायर तोडायचा, टोक गुंडाळून दारावरच्या खिळ्याला लटकवून ठेवायचा आणि परीक्षा झाली की येऊन जोडायचा. धंद्याचं नुकसान व्हायचं, पण पोरांच्या शिक्षणाच्या आड येतो असं म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं. व्यंकटीला तर सुटकाच नव्हती. त्यानं पाटीत 'टीव्हीमुक्त' हा शब्द नुकताच भरला होता.

आवाज बंद करून बघते, असं गुणाबाई म्हणाली. तसंही करून झालं. पण खिडकीवर निळा उजेड हलताना समोरच्यांनी बघितला आणि दुसऱ्या दिवशी तीन पालकांनी विचारलं. तनुजा आजीच्या बाजूनं बोलली, मला काही त्रास नाही म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही. ज्याच्यासाठी सगळं चाललेलं असतं त्याचं ऐकायची तिथे पद्धत नाही.

खाजामियाँनं वायर तोडली तेव्हा गुणाबाई उंबऱ्यातच होती, त्यामुळे त्याला तिला ओलांडूनच वर चढावं लागलं. उतरल्यावर तो पक्कड खिशात घालत थोडा घुटमळला.

"मावशी, आमच्याकडं येत जा दुपारची," तो म्हणाला. "आमच्या घरी कुणीच बारावीला न्हाई."

गुणाबाई लगेच गेली नाही. तिनं आधी गल्ली धुंडाळली. डावीकडच्या घरात जुळे बारावीला. उजवीकडे पुतण्या आणून ठेवलेला. समोर वसतिगृह. पलीकडच्या निपुत्रिक जोडप्याकडे तरी असेल म्हणावं, तर त्यांनी दोन्ही खोल्या मुलांना भाड्यानं दिलेल्या, आणि ते स्वतः कुजबुजत बोलत होते. आख्ख्या गल्लीत टीव्ही होते आणि एकही चालू नव्हता. दुपारी गल्ली इतकी गप्प असायची की वरच्या मजल्यावर पान उलटलेलं ऐकू यावं. गुणाबाईला ही शांतताही बरी वाटायची नाही. त्या पहाटे आधी कुत्रीसुद्धा गप्प होती, असं ती म्हणायची.

आणि ती परत उंबऱ्यात आली. एक पाय आत, एक बाहेर, नजर वर. खोल्या भरायचे दिवस. व्यंकटी वाईट मुलगा नव्हता, पण त्याच्या डोक्यावर बँकेचे तीन मजले होते. त्यानं एका संध्याकाळी आईजवळ बसून शांतपणे सांगितलं की असं चालणार नाही. एकतर आत बसायची सवय कर, नाहीतर नव्या गावी तुझं स्वतःचं घर आहे, पक्कं आहे, तिथे सोडतो. गुणाबाईनं ऐकून घेतलं. इथेही स्लॅब आणि तिथेही स्लॅब. फरक एवढाच की तिथे तनुजा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पदर सावरून खाजामियाँच्या घरी गेली.

घर जुनं, बसकं, वर पत्रा. दारातून आत पाऊल टाकताना तिनं वर बघितलं, आणि दुसरं पाऊलही आत टाकलं. खाजामियाँच्या बायकोला, जाहिदाला, या गोष्टीचं कौतुक वाटायचं कारण नव्हतं. पत्र्याची तिला लाज वाटत आली होती. नांदेडला तिच्या बहिणीच्या, सबिहाच्या घराला स्लॅब होता आणि सबिहा तो विषय वारंवार काढायची.

जाहिदाला गुणाबाईचं दुखणं पहिल्या दोन दिवसांत समजलं. पापडवाली मवाळ होती, पण मधल्या जाहिराती नव्हत्या. सिमेंटची एक जाहिरात होती, त्यात हत्ती भिंतीला धडक देतो आणि भिंत पडत नाही. गुणाबाई उठून दारात गेली. भिंत पडली नाही ना मावशी, जाहिदा म्हणाली. यावर गुणाबाईचं म्हणणं असं, की पडणार न्हाई म्हणतेत म्हणजे इचार आला न त्यांच्या मनात.

मग जाहिदानं एक पद्धत बसवली. मालिका रात्री नवी लागायची आणि तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा. जाहिदा रात्रीचा भाग आधी बघून ठेवायची, वाढण्याआधी भाजीत मीठ बघतात तसा. कुठे दार आपटतं, कुठे पातेलं पडतं, कुठे सिमेंटवाले येतात, सगळं ध्यानात ठेवायची. दुपारी रिमोट हातात घेऊन गुणाबाईशेजारी बसायची आणि तेवढ्यापुरतं चॅनल बदलून परत आणायची. गुणाबाई त्या वेळात मुद्दाम चहाच्या कपात बघायची. दोघी यावर कधी बोलल्या नाहीत. एकदाच जाहिदा म्हणाली होती की मावशी, माझ्या सासूची एवढी खिदमत मी केली न्हाई. त्यावर गुणाबाई म्हणाली, तिला कुठं पापडवाली आवडत हुती.

व्यंकटीला आई केबलवाल्याकडे जाऊन बसते हे आवडलं नाही. पण खोल्या बघणारे दुपारचेच यायचे आणि दुपारी उंबरा मोकळा असायचा. वरचे दोन्ही मजले भरले. त्यानं नव्या गावाचा विषय काढायचं बंद केलं. एकूण सगळ्यांचं जमून आलं होतं. पापडवाली चालू आहे तोवर.

दिवाळीनंतर पापडवालीला कुणीतरी नवा लेखक आला असावा. किंवा कुणीच बघत नाही हे वरच्यांच्या लक्षात आलं असावं. एका रात्री जाहिदा नेहमीसारखी मीठ बघायला बसली आणि पापडवाल्यांचं घर पडलं.

आख्खं पडलं. आजोबा आणि धाकटी सून आत होते. शेवटी धुळीतून एक हात वर आलेला दाखवला आणि नावं सुरू झाली.

याला चॅनल बदलून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गुणाबाई यायच्या आधी खाजामियाँनं पुढच्या खोलीतल्या केबलच्या यंत्रांतून त्या चॅनलची पिन काढली, आणि आख्ख्या भागातला तो चॅनल त्या वेळापुरता गेला. डिशची छत्री बिघडली, असं जाहिदानं सांगितलं. तक्रार कुणाचीच आली नाही. त्या भागात तेव्हा कुणी टीव्ही बघतच नव्हतं. असा कारभार करायला लातूरइतकं सोयीचं गाव मिळायचं नाही.

छत्री दुसऱ्या दिवशीही बिघडलेली होती. तिसऱ्या दिवशी गुणाबाईनं विचारलं की तू तर रात्रीचं बघतीस, काय झालं तेवढं सांग.

जाहिदा खोटं बोलायला कचरली नाही, पण तिला गोष्ट रचायचा सराव नव्हता. जे माहीत होतं तेच ती सांगायला लागली. पापडवाले सगळे नांदेडला एका लग्नाला गेले. तिथे त्यांच्या नात्यातल्या एका बाईनं त्यांना नवा स्लॅब दाखवला आणि फार मिरवलं. हळूहळू त्या घरातली धाकटी सून जाहिदासारखी बोलायला लागली आणि आजोबांना खाजामियाँसारखी पानाची सवय लागली. गुणाबाई बंद टीव्हीकडे तोंड करून सगळं ऐकायची. तिनं एकदाच हरकत घेतली.

"मटन पहिल्यांदाच केलं त्यांनी."

"पाव्हने आले होते, मावशी," जाहिदा म्हणाली.

असे बरेच दिवस गेले. ते दिवस तसे वाईट नव्हते.

मग एका रविवारी मुखेडची एक बाई लेकीला भेटायला वसतिगृहात आली. लेकीचा पेपर चालू होता, तो होईपर्यंत ती खाली गुणाबाईशेजारी टेकली. लेकीसाठी आणलेल्या दशम्यांचं बोचकं मांडीवर. बोलणं टीव्हीवर आलं. आमच्याकडं टीव्ही हाय, वायर न्हाई, असं गुणाबाईनं सांगितलं.

"मंग तुमाला पापडवाल्यांचं कळलं नसंल," मुखेडची बाई म्हणाली. "घर पडलं की त्यांचं."

ते तर नांदेडला लग्नाला गेलेत, असं गुणाबाई म्हणाली. त्या बाईनं हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सगळं सांगितलं. भिंत कशी आली, आजोबा कसे गेले. म्हातारा संपला म्हणे, काढला तेव्हा बोललाच नाही. गुणाबाईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"अन् धाकटी?"

"ती हाय की आजून खालीच. आवाज येतो तिचा. उपसूनच राहिले ते लोक, लई दिस झाले." आणि मुखेडची बाई थोडी वैतागून म्हणाली, "काढीनात बी अन् मारीनात बी."

दुपारी गुणाबाई खाजामियाँच्या घरी गेली ती बसली नाही. उभीच राहिली. जाहिदानं तिचं तोंड बघितलं आणि छत्रीबद्दल काही बोलायला सुरुवात करून तिथेच थांबली.

"लाव," गुणाबाई म्हणाली.

"नका बघू, मावशी. तुमच्याजोगं न्हाई ते."

"ती निघाली का, तेवढं बघू दे. मी न्हाई उठत."

जाहिदानं नवऱ्याकडे बघितलं. खाजामियाँ पुढच्या खोलीत गेला आणि पिन लावली.

ढिगारा होता. बहुधा थर्माकोलचा, पण माती खरी टाकलेली. माणसं फावडी घेऊन ओरडत होती, चित्र हलत होतं, ढग गडगडत होते. गुणाबाई उठली नाही. मध्ये सिमेंटवाल्यांचा हत्ती आला, धडक देऊन गेला, ती तरीही उठली नाही. जाहिदाचा हात रिमोटवर होता, पण बदलायचं काय हेच तिला समजेना. पडद्यावरचा थोरला मुलगा ढिगाऱ्यावर चढून भावाशी मोठ्यानं भांडायला लागला, तेव्हा गुणाबाई त्याला म्हणाली:

"गप ऱ्हा की रे जरा. तिचा आवाज ऐका आधी. कुठून येतो ते बघा, अन् मंग उपसा."

त्यांनी ऐकलं नाही.

भाग संपला. जाहिदानं चहा ठेवला. चहा होईपर्यंत गुणाबाई पत्र्याकडे बघत होती, आणि कुणी न विचारता तिनं सांगितलं की शेषेराव दुपारपर्यंत बोलत होते. पाणी मागत होते आधी. मग म्हैस सुटली का विचारलं. लोक लई ओरडत होते, म्हणून नेमकं कुठं ते कळलं न्हाई. त्यानंतर तिनं कप घेतला. जाहिदानं तिच्या पायाशी बसून घेतलं, आणि त्या दिवशी गोष्ट काही सांगितली नाही.

आता दुपारी दोघी रोज ढिगारा बघत. मारामारी नसलेलं, पडझड नसलेलं काही मिळावं म्हणून जिच्यासाठी एवढा शोध घेतला, ती बाई रोज पदर खोचून फक्त पडझड बघायला जात होती, आणि न जाणं तिच्या हातात उरलं नव्हतं. धाकटी खाली होती. तिला एकटीला टाकून घरी कसं बसायचं? मालिकेवाले मुखेडच्या बाईनं म्हटलं तसं काढीनात बी आणि मारीनात बी. उलट त्यांना एक युक्ती सापडली होती. धाकटीला खाली पडल्या पडल्या जुन्या गोष्टी आठवत, आणि मग जुनेच भाग दाखवत. ऊन, अंगण, पापड, आजोबा लाटी खाताना. गुणाबाईची लाडकी पापडवाली अशी परत आली. फक्त दर खेपेला शेवटी अंधार व्हायचा आणि वर कुणीतरी फावडं मारायचं.

फेब्रुवारीत तनुजाची परीक्षा सुरू झाली. त्याच सुमारास एका सोमवारी दुपारी पापडवालीच्या जागी गाण्याची स्पर्धा लागली. जाहिदानं चॅनल बदलून बघितले. खाजामियाँनं पिन काढून पुन्हा लावली, आणि मग वर चढून छत्रीही बघून आला. छत्री चांगली होती. शेवटी त्यानं कंपनीच्या माणसाला फोन लावला. मालिका शनिवारीच बंद झाली होती. शेवट करायला वेळ दिला नव्हता, कारण कुणी बघत नाही तर शेवट कुणासाठी करायचा, असं त्या माणसाचं म्हणणं पडलं. इकडे दोघीजणी बघतात, हे खाजामियाँनं त्याला सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं असण्याची शक्यता कमी.

गुणाबाई पुढे चार दिवस येत राहिली. गाण्याच्या स्पर्धेत मुलं रडायची आणि त्यांच्या आया रडायच्या. पाचव्या दिवशी जाहिदा ती आल्या आल्या म्हणाली:

"निघाली, मावशी. रात्री दुसऱ्या चॅनलवर दाखवलं. धाकटी निघाली."

गुणाबाईनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही.

"तू बघितलं?"

मटण, पाहुणे, नांदेडचं लग्न हे सगळं जाहिदानं डोळ्यांत बघून सांगितलं होतं. या वेळी तिनं हातातल्या रिमोटकडे बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"मंग ऱ्हाऊ दे."

ती घरी आली आणि उंबऱ्यात बसली. व्यंकटीनं बघितलं. जून पुन्हा येणार होता. नव्या गावच्या घरातला कडबा हलवायला माणूस सांगावा का, असं त्यानं बायकोला विचारल्याचं तनुजानं ऐकलं. त्यावर तनुजानं बापाला एवढंच सांगितलं की आजी गेली तर मीही तिथूनच अभ्यास करते, कडब्यात. असं बारावीची मुलगी म्हणाली की लातुरात बापाचे हातपाय गार पडतात. व्यंकटीनं दोन दिवस विचार केला आणि गवंडी बोलावला. बाजूच्या बोळातून नवं दार पाडलं, जिना तिकडून काढला आणि पाटी उचलून तिकडे लावली. येणारे जाणारे आता तिकडून येतात. जुन्या दाराशी व्यंकटीची मोटारसायकल असते आणि गुणाबाई असते. वर बघून ती कुणाचं नुकसान करत नाही.

भिंत फोडायचं काम चाललं तेवढे दिवस ती खाजामियाँच्या पत्र्याखाली होती. दोघी टीव्ही लावत नव्हत्या. जाहिदा तांदूळ निवडायची, गुणाबाई शेंगा फोडायची. कधीतरी जाहिदा सबिहाच्या स्लॅबला ओल आल्याचं सांगायची, आणि तेवढं मात्र ती खरं सांगायची.

तनुजाचा निकाल लागला. मार्क चांगले होते, पण डॉक्टरकीला नंबर लागेल एवढे नव्हते. लातुरात अशा वेळी जे करतात ते तिनंही केलं, पुन्हा एक वर्ष. खाजामियाँ जूनमध्ये पक्कड घेऊन आला, वर खिळ्याला गुंडाळून ठेवलेलं टोक बघितलं, झटकून पुन्हा लटकवलं आणि गेला.

तळेवाडीच्या पुनर्वसनाचा मध्यंतरी पुन्हा एकदा आढावा झाला. सर्व लाभार्थी पक्क्या घरात असल्याचं आणि ढिगाऱ्याखाली कोणीही शिल्लक नसल्याचं त्यातही आलं आहे.

धाकटी सून खालीच आहे.